पाचच्या रेघेवरचा काटा

आमच्या घरात कुणावर चटकन विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. कुणी फसवलं होतं म्हणून नव्हे, अप्पांचा स्वभावच तसा. दूध आलं की ते बोट बुडवून नखावर थेंब धरायचे आणि तो किती वेळ थांबतो ते बघायचे. नारळवाल्यानं वाजवून दिलेला नारळ पुन्हा स्वतः कानाशी धरून वाजवायचे. गाडीची वेळ स्टेशनवर दोन माणसांना विचारायचे आणि दोघांचं उत्तर जुळलं तरच फलाटाकडं पाय वळायचे. आईच्या हातचं तेवढं न विचारता खायचे. आई म्हणायची, "एवढं एकच कसं काय सुटलं म्हणते मी तुमच्या तावडीतनं?" त्यावर ते नुसते मिशीत हसायचे. हा गुण माझ्यात पुरता उतरलाय. आज धारवाडच्या फ्लॅटमध्ये मी एकटी राहते, गॅस बंद केल्यावर दारापर्यंत जाते आणि परत येऊन बटण चाचपते. मुलगी फोनवर हसते. हसू दे बापडी. पण संशयाचं एक बरं असतं आणि एक वाईट, आणि त्या दोन्हींतला फरक मला ज्या आठवड्यानं शिकवला तो मला लिहून ठेवायचाय.

जुन्या हुबळीत एका बोळाच्या तोंडाशी आमची पिठाची गिरणी होती. आजोबा गडहिंग्लजकडून आले तेव्हा एका चक्कीवर सुरू केलेली. माझ्या आठवणीत दोन चक्क्या, एक मिरची कांडप आणि त्या सगळ्यांना फिरवणारी एक मोठी मोटर. गिरणीच्या माडीवर आम्ही राहायचो, त्यामुळं आमच्या घराला स्वतःचा असा आवाज नव्हताच. सकाळी आठाला खालून 'खट्ट' असा स्टार्टर बसल्याचा आवाज यायचा, मग मोटरची हूं चढत जायची, मग पट्ट्याची फटफट सुरू व्हायची आणि तव्यावरची भाकरी त्या तालात हलकेच थरथरायची. मिरचीच्या दिवसांत ब्याडगी मिरचीचा खाट जिन्यानं वर यायचा आणि पाहुणे शिंकून बेजार व्हायचे. आम्हाला काही व्हायचं नाही. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, वांग्याचं भरलेलं कालवण आणि चार वाजता बोळाच्या टोकावरून आणलेलं गिरमिट. चुरमुऱ्यांवर कांदा आणि ओली चटणी कालवलेलं ते गिरमिट कागदातून पाझरायच्या आत खावं लागे. गिरणी बंद असली की शांततेनं कान दुखायचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ती शांतता पुरता एक दिवस असायची.

गिरणीच्या भिंतीवर काळ्या रंगाची लोखंडी पेटी होती, तिला आम्ही बोर्ड म्हणायचो. खाली मेन स्विच, मध्ये स्टार्टर, बाजूला वीज आहे हे सांगणारा लाल दिवा, आणि वर तळहाताएवढे दोन मीटर, पांढऱ्या तबकडीवर काळ्या काट्याचे. एक दाब दाखवायचा, एक प्रवाह. तो बोर्ड ज्यानं बसवला तो मल्लप्पा वायरमन आमच्या भिंतीपलीकडंच राहायचा. माणूस अप्पांच्याच वयाचा, बारीक, कानावर पेन्सिल. पुढं एका खोलीत जळलेल्या मोटरी पुन्हा वाइंड करायचं दुकान, मागं घर. नवी तार भरली की तो तिला व्हार्निश पाजायचा आणि पत्र्याच्या पेटीत विजेची शेगडी लावून दिवसभर सुकवायचा. तो वास अजून कुठं आला की मी थांबते. अप्पांना तो अण्णा म्हणायचा, मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण, आणि मी त्याला मल्लूमामा. घरी तो कन्नड बोलायचा, आमच्याशी कन्नडच्या चालीवरचं मराठी.

मला मीटर वाचायला त्यानंच शिकवलं. मी तेव्हा सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते आणि कॉलेजात आम्हाला मीटर कपाटाच्या काचेतूनच दिसायचे. मल्लूमामा म्हणायचा, "बघ तंगी, व्होल्टचा मीटर दोन वायरींत आडवा बसतोय, तो बाहेरनं बघणारा. अँपिअरचा मीटर वाटेतच उभा, सगळं त्याच्या अंगावरनं जातंय. ह्याला कधी त्याच्या जागी लावायचं नाही. लावलीस तर मीटरबी जातंय, तुझं डोळंबी जातंय." तीन वायरींतला दाब दोन-दोन करून बघायला एक गोल स्विच होता, तिन्हीकडं काटा चारशेच्या आसपास आला तरच अप्पा हिरवं बटण दाबायचे. दाब पडलेला असताना मोटर ओढून ओढून जास्त प्रवाह घेते आणि जळते, हे मी पुस्तकाआधी त्या बोर्डासमोर शिकले. सुरू होताना अँपिअरचा काटा एकदम उडी मारायचा आणि खाली येऊन बसायचा. मिरची पडली की थोडा वर, पट्टा सरकायला लागला की खाली. माडीवर अभ्यास करत बसलेली मी मोटरच्या आवाजावरून काटा कुठं असेल ते सांगायचे आणि धाकटा भाऊ खाली धावत जाऊन बघून यायचा.

मल्लूमामाचे नियम पुष्कळ होते, आणि सगळे संशयाचेच. बोर्ड उघडायचा तर मेन बंद. मेन बंद केला तरी वीज गेली असं धरायचं नाही. व्होल्टचा काटा शून्यावर आला म्हणून हात घालायचा नाही. मीटरची फ्यूज उडालेली असेल, काटा अडकला असेल, तो गोल स्विच नुसता बंदवर असेल. टेस्टर आधी चालू वायरीला लावून पेटतो का बघायचा, मग हव्या त्या वायरीला लावायचा, मग पुन्हा चालू वायरीला लावून अजून जिवंत आहे ना ते बघायचं. एक हात कायम पाठीमागं. आणि सगळ्यांत पहिला नियम तो कन्नडातच सांगायचा: "मोदल सोन्नी नोडु तंगी." आधी शून्य बघ. वीज नसताना काटा बरोबर शून्याच्या रेघेवर बसतो की नाही ते बघ, मग तो दाखवील त्या आकड्यावर बोल. अप्पांना हे सारं ऐकून गुदगुल्या व्हायच्या. ते आईला म्हणायचे, "हुबळीत दोनच शहाणे. एक मी, दुसरा मल्लप्पा." आख्ख्या गल्लीत किल्ली न मागता आमच्या गिरणीत शिरायची मुभा ह्या एकाच माणसाला होती. आणि आमच्याच का, गल्लीतले बरेच जण परगावी जाताना दुरुस्तीसाठी घराची किल्ली त्याच्याकडं टाकून जायचे. वायरमनचं आणखी काय असतं? पक्कड आणि नाव.

त्या वर्षी श्रावणात कुणाच्या तरी डोक्यावरचं ज्वारीचं पोतं बोर्डावर आदळलं आणि अँपिअरच्या मीटरची काच तडकली. मल्लूमामानं कोप्पीकर रोडवरून नवा मीटर आणून बसवला. त्याला काच नव्हती, वरचं झाकण पारदर्शक प्लॅस्टिकचं होतं. अप्पांनी त्यावर नख ओढून बघितलं आणि "खेळण्यातला वाटतोय," म्हणाले. मल्लूमामानं त्यांच्यासमोर मेन बंद करून शून्य दाखवलं, मग मोटर लावून जुन्या मीटरशी आकडा जुळवून दाखवला. अप्पांचं समाधान झालं. एवढंच त्यानं मला सांगितलं की खंडेनवमीला ह्यावर गंध लावू नकोस, आकडे झाकतात. नुसतं कोरडं पूस.

खंडेनवमीची आमच्याकडची रीत अशी. सकाळी गिरणी झाडून, मोटर पुसून, चक्क्यांना हळदकुंकू, बोर्डाला झेंडूची माळ. लाल दिवा हीच त्या दिवशीची समई, म्हणून मेन चालू ठेवायचा आणि मोटर बंद. एकदा आरती झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. यंत्रं झोपलेली असतात, असं आजोबा म्हणायचे. अप्पा देवावरही जरा तपासूनच विश्वास ठेवत, पण हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. आजोबांनी एका वर्षी मोडला आणि त्याच महिन्यात पट्ट्यात त्यांचं बोट गेलं, अशी कथा होती. बोर्ड पुसायचं काम माझं. पूजेतल्या वस्तू पुसायला आई सोवळं म्हणून रेशीमच द्यायची, तिच्या जुन्या इरकलीचा लाल पदर. मी त्या पदरानं नवं झाकण पुसलं, आणि नव्या वस्तूची हौस म्हणून जरा जास्तच पुसलं. माझा चेहरा दिसेपर्यंत घासत राहिले. वारा कोरडा होता, ओठ फुटायचे दिवस. मग हार घातला, आरती झाली, खोबरं वाटलं आणि सगळे वर जेवायला गेले.

दुपारी चारच्या सुमाराला मी शेजारी भिजवलेले चणे द्यायला खाली आले आणि सहज वर पाहिलं. मोटर गप्प होती. आणि अँपिअरचा काटा शून्यावर नव्हता. त्या मीटरचे सुरुवातीचे आकडे अगदी दाटीवाटीनं असतात. शून्याच्या पुढची पहिलीच रेघ पाचची. काटा तिथं टेकला होता, आणि हलत नव्हता. मला भीती वाटली नाही, खरं सांगायचं तर आनंद झाला. आपल्याला दिसलं, आपण पहिल्यांदा पाहिलं, असा. मी जिन्यातूनच ओरडले, "अप्पा, मोटर बंद आहे आन् काटा पाचावर आहे बघा."

अप्पा जेवणानंतर लवंडले होते ते उठून आले. मान तिरकी करून, चष्मा वरखाली करून त्यांनी काटा पाहिला. मग बोर्डापासून निघालेला, आत वायरी असलेला लोखंडी पाइप पाहिला. तो भिंतीच्या कडेनं, एका ठिकाणी भिंतीतूनच, मोटरकडं जात होता. भिंतीपलीकडं मल्लूमामाचं दुकान. अप्पांच्या कपाळावरची शीर मला अजून दिसते. ते हळू आवाजात म्हणाले, "पाच अँपिअर म्हणजे काय असतंय गं?" मी अभ्यासू मुलगी. पटकन सांगितलं, "एवढ्यानं मोठी शेगडी सहज चालते."

हे माझं वाक्य. मी पुढं तीस-पस्तीस वर्षं मुलींना प्रयोगशाळेत प्रवाह मोजायला शिकवलं आणि प्रत्येक नव्या वर्गासमोर पहिल्या दिवशी हे वाक्य मला आठवलं आहे.

अप्पांनी मल्लूमामाला बोलावून घेतलं. तो कोऱ्या लुंगीत, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे ओढून, हातात प्रसादाचं खोबरं घेऊन आला. त्याला वाटलं पूजेला बोलावलंय. अप्पांनी बोटानं काटा दाखवला.

"काय म्हणतोय हा?"

मल्लूमामा बघत राहिला. "असं व्हायचं नाही अण्णा. मोटर बंद हाय की."

"मोटर बंद हाय. तुझी व्हार्निशची शेगडी कुठल्या लायनीवर चालायलीय?"

त्याला समजायला क्षणभर लागलं. त्याच्या हातातलं खोबरं तसंच राहिलं. "अण्णा, आज माझंबी आयुधपूजा. शेगडी थंड हाय. येऊन हात लावून बघा."

"आता थंड असंल. मी बोलावणं धाडल्यावर थंड व्हायला काय वेळ लागतोय?"

"मग मेन बंद करा. काटा खाली आला तर मी चोर. नाही आला तर मीटर खोटा. एका मिनिटाचं काम हाय."

हा एकच रस्ता होता आणि तो बरोबर होता. मी त्याचीच शिष्यीण, मला तो तिथंच समजला. आधी शून्य बघ. पण बोर्डावर माळ होती आणि लाल दिवा तेवत होता. अप्पा म्हणाले, "पूजेच्या बोर्डाला उद्यापर्यंत हात लागायचा नाही, हे तुला ठाऊक हाय, म्हणूनच हे बोलायलास." मल्लूमामानं माझ्याकडं पाहिलं. मी काहीतरी बोलीन असं त्याला वाटलं असणार. मी चण्याच्या पातेल्यात बघत उभी राहिले. "वीस वर्षं झाली अण्णा," एवढंच तो म्हणाला, आणि खोबरं चक्कीच्या कडेवर ठेवून गेला.

त्या संध्याकाळी अप्पा दर अर्ध्या तासानं खाली जाऊन काटा बघून यायचे. मध्येच भिंतीला कान लावायचे. त्यांना आता सगळ्याच गोष्टींचा अर्थ लागायला लागला होता: मल्लप्पानं पाइप भिंतीतूनच का नेला, मीटर स्वतःच जाऊन का आणला, गंध लावू नको असं का सांगितलं. संशयाला एकदा वाट मिळाली की तो मागची वीस वर्षंही धुंडाळून येतो. आई म्हणाली, "झोपून उठा, सकाळी बघू." अप्पा म्हणाले, "तोवर तो काढून घेतोय की वायर."

आणि सकाळी काटा शून्यावर होता. अगदी रेघेवर, शहाण्या मुलासारखा. दुसरा कुणी म्हणाला असता की मीटरच लहरी असेल. अप्पांनी मांडीवर थाप मारली. "बघितलंस? काढली रात्रीत." काटा वर असणं हा पुरावा होता आणि खाली येणं हा त्याहून मोठा. मलाही ते पटलं, हे मी लपवणार नाही. ज्यानं मला शिकवलं त्याच्याविषयी मी सोळा वर्षांची पोर मनात म्हणाले, असा निघाला होय.

दसऱ्याला आमच्याकडं आपट्याबरोबर बन्नीचीही पानं वाटतात, बन्नी म्हणजे शमी. संध्याकाळी सगळी गल्ली एकमेकांच्या दारात. मल्लूमामा आला. मला वाटलं होतं येणार नाही. गिरणीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं बन्नीची डहाळी पुढं केली आणि दरवर्षीसारखं म्हणाला, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरूण." बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. अप्पांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले. गल्लीतले कापडवाले, त्यांची सून, शेजारपाजारचे चार-पाच जण तिथं होते. अप्पा म्हणाले, "भिंतीतनं काय काय नेतोस ते आधी सांग, मग सोनं घेतो." मल्लूमामानं डहाळी उंबऱ्यावर ठेवली, वाकून उंबऱ्याला हात लावला आणि निघून गेला. ती डहाळी आईनं उचलली आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवली.

हुबळीत बातमी पोचायला टांगा लागत नाही. दोन दिवसांत कापडवाल्यांनी आपली किल्ली परत मागवली, मग आणखी एका घरानं. कुणी भांडलं नाही, कुणी चोर म्हणालं नाही, नुसतं, "पाहुणे येणार आहेत, किल्ली लागतीय." मल्लूमामाच्या दुकानातून येणारा व्हार्निशचा वास बंद झाला. आई म्हणाली, त्याची बायको माहेरी कलघटगीला जाऊन राहायचं बोलतेय, तोही तिकडंच दुकान टाकणार म्हणे. मला वाटलं, बघा, खोटा असल्याशिवाय कोण पळतं?

मग शुक्रवार आला. शुक्रवारी गिरणी अर्धा दिवस बंद ठेवून बोर्डाला एक फूल वाहायची आमची रीत. मी तोच लाल पदर घेऊन झाकण पुसायला लागले. मन दुसरीकडं होतं, हात घासत होता. आणि माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या हाताखाली, काटा शून्यावरून उठला. पदर उजवीकडं गेला की उजवीकडं, थांबला की थरथरत थांबायचा. मी पदर काढून घेतला. काटा पाचच्या रेघेवर राहिला.

आज पूजेचा नियम नव्हता. मी मेन स्विचचा दांडा खाली ओढला. लाल दिवा विझला, व्होल्टचा काटा धपकन शून्यावर आला, आणि अँपिअरचा काटा पाचावरच. वीजच नव्हती बोर्डात, मग प्रवाह कुठला? कंगवा केसांत फिरवून कागदाचे कपटे उचलायचा खेळ मी शाळेत शंभरदा केला होता. कोरड्या हवेत रेशमानं घासलेलं प्लॅस्टिक तेच करत होतं, काट्याला ओढून धरत होतं. मी झाकणाच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि 'हाऽऽ' करून श्वास सोडला. झाकणावर वाफ धरली, आणि वाफेमागं काटा सावकाश खाली आला.

म्हणजे तारही नव्हती, चोरीही नव्हती. माझा हात होता, आईचा पदर होता. आणि "शेगडी चालते" हेही मीच म्हणाले होते.

आता ही पोर लगेच धावत वर गेली असेल असं कुणाला वाटेल. मी गेले नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला. अप्पांचं भय होतंच, पण खरं कारण त्याहून हलकं होतं: सगळी गल्ली मला हसेल, कॉलेजात जाणारी आणि काटा वाचता येईना, ह्याची लाज. दोन दिवस मी त्या माणसाचं नाव माझ्या लाजेखाली दाबून ठेवलं. रविवारी सकाळी भिंतीपलीकडं सामान बांधल्याचे आवाज यायला लागले, पत्रा खडखडला, आणि मी भाकरी थापत असलेल्या आईजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांग. आणि नुसतं सांगू नको, करून दाखव. ते माणसाचं ऐकणार नाहीत."

मी अप्पांना खाली नेलं. त्यांच्यासमोर मेन बंद केला, पदर घासला, काटा वर चढवला, श्वास टाकून खाली आणला. अप्पा काट्याकडं नाही, माझ्याकडं बघत होते.

"हे तुला त्यानं शिकवलं?"

"नाही अप्पा."

"त्यानं पाठवलं तुला? भिंतीवरनं बोललीस त्याच्याशी?"

माझ्यावर त्यांनी संशय घेतला तो हा पहिला आणि शेवटचा. रडू आलं नाही, राग आला. त्या रागानंच मला सोडवलं. मी पदर त्यांच्या हातात कोंबला आणि म्हणाले, "तुम्ही करून बघा. तुमच्या हातावर तरी विश्वास आहे ना?"

त्यांनी करून पाहिलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा नुसता पदर न घासता टेकवून पाहिला. मेनचा दांडा पुन्हा पुन्हा तपासला. मग पीठ भरायच्या ओट्यावर बसले आणि कितीतरी वेळ तो पदर मांडीवर पसरून त्याच्या घड्या घालत राहिले. जो माणूस नारळसुद्धा दोनदा वाजवायचा त्यानं त्या दिवशी तो मीटर एकदाही तपासला नव्हता. माणसाला मात्र सोडलं नव्हतं. हे मी आज लिहिते. त्यांना ते तेव्हा, त्या ओट्यावर कळलं असावं, कारण उठले तेव्हा ते एकदम वयस्कर दिसले.

ते वर गेले, देव्हाऱ्यातली ती वाळलेली डहाळी घेऊन खाली आले आणि मला म्हणाले, "चल." गल्ली गजबजलेली होती, रविवारचा बाजार. मल्लूमामा दारात दोरीनं पत्र्याची पेटी बांधत होता. अप्पा त्याच्यासमोर उभे राहिले आणि मोठ्यानं, कापडवाल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "मल्लप्पा, काटा खोटा होता. वायर नव्हती. मी चुकलो."

मीही म्हणाले, "मी घासलं होतं मामा. आधी शून्य बघितलं नाही."

त्यानं मला विचारलं, "कशानं घासलीस?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली. पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत वायरमन दिसला. "प्लॅस्टिक," तो स्वतःशीच म्हणाला, "मलाबी सुचायला पाहिजे होतं." अप्पांनी डहाळी पुढं केली. पानं गळून दोनचार राहिली होती. मल्लूमामानं ती दोन्ही हातांनी घेतली, अप्पांच्या पायाला नाही, हाताला डोळे लावले आणि म्हणाला, "बंगारदंग इरूण अण्णा." पेटीची दोरी त्यानं सोडली. दुसऱ्या दिवशी कापडवाल्यांचा नोकर किल्ली घेऊन त्याच्या दारात आला.

इथं संपलं असतं तर मी हे प्रकरण लिहिलं नसतं. मल्लूमामा कलघटगीला गेला नाही, आमचा बोर्ड शेवटपर्यंत त्यानंच सांभाळला. पण त्या दसऱ्यानंतर तो आमच्या गिरणीत एकटा कधी शिरला नाही. साधी फ्यूज बदलायची असली तरी उंबऱ्यावर उभा राहून हाक मारायचा, "तंगी, ये. उभी राहा हितं." कुणीतरी येऊन उभं राहिल्याशिवाय पेटीचा स्क्रू फिरवायचा नाही. अप्पा कळवळायचे, "अरे असू दे की मल्लप्पा, जा, कर तुझं तू." तो हसून म्हणायचा, "नको अण्णा, नियम हाय." टेस्टरचा, मेनचा, शून्याचा, तसा हा त्याचा नवा नियम. एकदा मी मुद्दाम त्याच्याकडं पाठ करून उभी राहिले. त्यानं काम थांबवलं. "तिकडं नको. माझ्या हाताकडं बघ," म्हणाला, आणि मी वळेपर्यंत पक्कड उचलली नाही.

अप्पा गेल्यावर भावानं गिरणी बंद केली. बोर्ड उतरवायचा होता. मी धारवाडहून आले. तोवर माझेही केस पिकले होते आणि मल्लूमामाला दिसायचं कमी झालं होतं, नातू हाताला धरून घेऊन आला. वीज आठवड्यापूर्वीच कापली गेली होती, खांबावरूनच. तरी त्यानं टेस्टर मागितला, शेजारच्या घरातल्या चालू प्लगला लावून पेटतो का बघायला लावला, मग आमच्या वायरीला लावला, मग पुन्हा शेजारी धाडला. मीटरच्या झाकणावर बोटं फिरवून काटा कुठं आहे ते मला विचारलं. मी म्हटलं, शून्यावर. मग त्यानं स्क्रूड्रायव्हर उचलला, आणि थांबला. अप्पा नव्हते, गिरणी नव्हती, चोरायला त्या पाइपात काही उरलं नव्हतं.

"तंगी," तो म्हणाला, "उभी हाईस न्हवं?"

मी त्याच्या हाताकडं बघत उभी राहिले.